तात्पुरता नातेवाईक

रडण्यात आपला हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं रडेकाका छातीठोकपणे सांगत. डावा डोळा आधी हवा की उजवा, तुम्ही फक्त बोट दाखवा. हुंदके तीन जातींचे: गिळलेला, फुटलेला आणि मागाहून येणारा. ऐकणाऱ्याची मान डोलायला लागली की काका स्वतःच पुस्ती जोडत, "बायको गेली तेव्हा मात्र नळाला पाणी नव्हतं हं." आणि खो खो हसत.

रोज मरे त्याला कोण रडे, अशी एक म्हण आहे. ती करणाऱ्याला रडेकाका भेटले नसावेत. ते रोज रडत. परीक्षेच्या दिवसांत तर दिवसाला तीस वेळा, मध्ये चहा.

त्याचं असं होतं, की गावात डॉक्टर घडवायचं एक कॉलेज होतं. तिथे सुया टोचायला रबरी हात होता, दाबायला रबरी छाती होती, बाळंत करायला एक अख्खी रबरी बाई होती. पण "तुमचं माणूस गेलं" हे तोंडावर सांगायचा सराव करायला रबरी नातेवाईक काही अजून निघालेला नव्हता. त्या जागी जिवंत माणूस बसवत. कराराच्या कागदावर पदाचं नाव होतं, 'नातेवाईक (तात्पुरता)'. मुदत पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांना यंदा एकोणीस वर्षं पुरी होत होती.

बाकीचे येत आणि जात. नाटकात काम मिळेपर्यंत टेकलेली पोरं, निकाल लागेपर्यंत आलेल्या मुली, घरात करमत नाही म्हणून आलेले एखादे रिटायर मास्तर. तीन महिने, फार तर चार. मग एके दिवशी म्हणायचे, "काका, रात्री जेवताना घास उतरत नाही हो," आणि पसार. रडेकाकांना दोन्ही वेळा झकास भूक लागे. ते आधी चपलांच्या दुकानात होते. दुकान बुडालं, आणि काहीतरी बरं मिळेपर्यंत म्हणून ते कॉलेजच्या चार नंबरच्या खोलीत येऊन बसले. बरं काही मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी शोधलंही नाही. खुर्चीला गादी होती, वर पंखा होता, आणि समोर दर सात मिनिटांनी एक नवं घाबरलेलं पोरगं येत होतं. एवढी करमणूक चपलांत नव्हती.

मेहुणा भेटला की खोचून विचारी, "काय भाऊजी, अजून रडताच का?"

"तुमच्या बहिणीशी लग्न केलं तेव्हापासून सराव आहे," काका म्हणत. बहीण तिथेच असे. हसत नसे.

काम म्हटलं तर सोपं. काचेमागे बसून मार्क देणाऱ्या मॅडम सकाळी एक कार्ड देत. त्यावर असे, 'थोरला भाऊ, वय ५२, छातीत दुखून', किंवा 'मुलगा, वय २४, मोटारसायकल'. त्या दिवशी जेवढी पोरं आत येतील तेवढ्या वेळा तो मुलगा मरायचा. पोरानं आत यायचं, खुर्ची ओढून समोर बसायचं, घड्याळाकडे बघायचं नाही, रुमालांचा डबा पुढे सरकवायचा, आणि मुख्य म्हणजे 'मृत्यू' हा शब्द उच्चारायचा. आडवळणं नकोत. शेवटी विचारायचं, "तुम्हाला त्यांना बघायचंय का?" त्यावर काकांनी म्हणायचं, "हो, येतो." मग घंटा. पोरगं बाहेर, पुढचं आत. बघायला कुणी कुठे जात नसे. जाणार कुठे? खोलीला मागच्या भिंतीत एक दार होतं खरं, पण ते झाडूच्या कपाटाचं. हातभर खोल. त्यात दोन बादल्या, एक खराटा आणि काकांची पिशवी टांगायचा खिळा.

आता काका नुसते रडून सोडतील तर ते रडेकाका कसले? एखादं पोरगं चाचरत म्हणे, "ते... आपल्यात राहिले नाहीत." की काका भोळा चेहरा करून विचारत, "मग कुठल्या वॉर्डात हलवलं? डबा द्यायचाय." पोराच्या तोंडचं पाणी पळे. एका उंच पोराला त्यांनी सलग चार वेळा "म्हणजे घरी कधी सोडणार?" असं विचारलं होतं. पोरगं रडत बाहेर गेलं आणि काका हसत चहाला. त्याचे मार्क गेले, वर्षही गेलं म्हणतात. काकांचा त्यात दोष एवढाच, की त्यांना ते वर्षभर सांगायला पुरलं.

सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको आजारी पडली. मेंदूत रक्तस्राव. दोन दिवस मोठ्या दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण डॉक्टर आला, खुर्ची ओढून समोर बसला. काकांनी ओळखलं, आपल्याच चार नंबरमधून पास झालेला. त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही. शब्दही नीट उच्चारला. रुमालांचा डबा नव्हता तर स्वतःचा रुमाल काढून दिला. काका मनात म्हणाले, पैकीच्या पैकी. डॉक्टरनं विचारलं, "बघायचंय का त्यांना?"

"हो, येतो," काका म्हणाले. आणि बसून राहिले. घंटेची वाट बघत.

किती वेळ ते त्यांनाही कळलं नाही. मग ते उठून कॅन्टीनमध्ये गेले. त्यांची लेक दुसऱ्या गावाहून धावत आली, तिनं एकटीनं आईचं तोंड पाहिलं, पुढचं सगळं तिनंच केलं. बापाला शोधायला ती आली तेव्हा काका चहात बिस्किट बुडवत होते. "मी येणारच होतो," ते म्हणाले. ती आल्या पावली परत फिरली. त्या दिवसापासून ती त्यांना तुम्ही म्हणायला लागली.

आणि तरी तीच लेक आता बापाला न्यायला येणार होती. लेकी अशाच असतात, शहाण्या असूनही. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला होता.

"चार वाजता गाडी घेऊन येते. पिशवीच घ्या बरोबर, बाकी सामान मी मागवून घेईन. खोली रंगवून घेतलीय तुमच्यासाठी."

"कुठला रंग?"

"बाबा, विषय बदलू नका. उद्याचा दिवस शेवटचा. परत एकच बॅच, परत पंधराच दिवस, असं काही निघालं ना, तर मी पुन्हा फोन करणार नाही. मला बाप नाही असं समजेन. खरंच सांगतेय."

"हो गं बाई. सुटलो एकदाचा."

आणि सकाळी आल्या आल्या काकांनी मॅडमच्या टेबलावर पुढच्या बॅचच्या करारावर सही ठोकली. बेत पक्का होता. चारला टोपी घालून, पिशवी घेऊन गाडीत बसायचं, लेकीला खुलू द्यायचं, आणि कोपऱ्यावर गाडी वळली की म्हणायचं, "थांब गं, उतरव मला. गंमत केली." तिचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांसमोर आणून आणून त्यांना दिवसभर गुदगुल्या होत होत्या.

मॅडम नव्या होत्या. त्यांना काकांच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी दिलेल्या कार्डावर होतं, 'पत्नी, वय ५८, मेंदूत रक्तस्राव'. काकांनी वाचलं. वय सुद्धा तेच. क्षणभर कार्ड परत द्यावं असं वाटलं, मग वाटलं, कशाला? पाठांतराचे कष्ट वाचले. त्या दिवशी एकोणतीस पोरांनी येऊन त्यांना बायको गेल्याचं सांगितलं, आणि काका एकोणतीस वेळा उत्तम रडले. शेवटच्या दोघांना तर काचेमागून मॅडमनीही मान हलवली. एकोणतीस वेळा ते म्हणाले, "हो, येतो."

तिसावी मुलगी आत आली तेव्हा चारला वीस कमी होते.

तिचा पांढरा कोट स्वच्छ होता, पण मापाला दोन बोटं मोठा. छातीवर नंबराची चिठ्ठी नव्हती. ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि खोलीत फिनेलचा वास आला. फिनेलचा वास त्या इमारतीत नवा नव्हता. नवं एवढंच, की तो खालून, पावलांकडून चढत आला. थंडगार.

"तुम्ही येतो म्हणाला होतात," ती म्हणाली.

काकांना हसू फुटलं. "अगं पोरी, आधी मेल्याचं सांगायचं, मग बघायला न्यायचं. उलट्या बाजूनं सुरू केलंस. नापास होशील."

"मेल्याचं तुम्हाला माहीत आहे."

"बरं. रुमालांचा डबा तरी सरकव."

तिनं डब्याकडे पाहिलंही नाही. "बघायचंय ना?"

जिभेला वळण असतं. चपलांच्या दुकानातून सुटल्यावरही काका कितीतरी महिने लोकांच्या पायांकडे बघून 'आठ नंबर' म्हणत. तसंच हे. "हो, येतो," ते म्हणून गेले आणि घंटेसाठी कान टवकारले.

घंटा झाली नाही.

भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं झाली. आठ झाली. काचेमागे मॅडम खाली मान घालून लिहीत होत्या. काकांनी हात हलवला. मॅडम लिहीत राहिल्या... पान संपलं, त्यांनी उलटलं नाही, त्याच ओळीवर पुन्हा लिहायला लागल्या. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कुणी चालत नव्हतं. पंखा फिरत होता पण त्याची कुरकुर ऐकू येत नव्हती.

"चला," मुलगी म्हणाली. आणि तिनं झाडूच्या कपाटाचं दार उघडलं.

आधी थंडी आली. मग वास. मग काकांना दिसलं, की खराटा आहे, बादल्या आहेत, खिळ्याला आपली पिशवी आहे, वर कानटोपी आहे... आणि त्यांच्या मागे कपाटाला पाठच नाही. लांबच लांब वॉर्ड आहे. दोन्ही बाजूंना खाटा. शेवट दिसत नाही इतक्या.

काका आत गेले ते धाडसानं नव्हे. तिनं दार धरून ठेवलं होतं, आणि कुणी दार धरून ठेवलं की माणूस जातोच.

खाटांवर कुणी झोपलेलं नव्हतं. सगळे बसून होते. सुट्टीचा कागद हातात पडायची वाट बघत पेशंट बसतात ना, तसे पाय खाली सोडून, दाराकडे तोंड करून. तोंड करून म्हणजे... जिथे तोंड असतं ती बाजू करून. नाक, डोळे, ओठ काही नव्हतं. गुडघ्यावरच्या कातडीसारखं सपाट, गुळगुळीत. प्रत्येकाच्या पायथ्याशी एकेक कार्ड अडकवलेलं. 'थोरला भाऊ, ५२'. 'मुलगा, २४'. 'आत्या, ७०'. पलीकडची कार्डं पिवळी पडलेली. काकांनी अक्षर ओळखलं. जुन्या मॅडमचं, त्यांच्या आधीच्या सरांचं.

"चेहरे..." काका पुटपुटले.

"तुम्ही कधी दिलेच नाहीत," मुलगी म्हणाली. "तात्पुरतं ठेवलंय यांना इथे. नातेवाईक येईपर्यंत."

"कधीपासून?"

"तुम्हीच सांगा."

काकांनी नकळत एक पाऊल मागे घेतलं. पण जित्याची खोड. ते म्हणाले, "एवढी माझी माणसं? लग्नाला सुद्धा एवढी नव्हती आली."

आणि सगळ्या खाटा एकदम कुरकुरल्या. लांबवर, शेवटपर्यंत, एकामागून एक. हसायला तोंड नसलं की बहुतेक असंच हसावं लागतं. जन्मात पहिल्यांदा काकांना आपला विनोद कुणाला आवडू नये असं वाटलं.

डाव्या हाताला, जवळच, एका खाटेभोवती पडदा ओढलेला होता. तिथे कार्ड नव्हतं. पडद्याखालून दोन पावलं दिसत होती, जमिनीला न टेकलेली. उजव्या टाचेला आडवी भेग. ती भेग काकांनी तेहेतीस वर्षं पाहिली होती. रोज संध्याकाळी ती पायरीवर बसून टाच घासायची आणि म्हणायची, चपलांच्या दुकानात नोकरी आणि माझ्या पायाला धड चप्पल नाही.

"यांना चेहरा आहे," मुलगी हळूच म्हणाली. "बघून घ्या."

"मग... मी जाऊ?"

"बघितलंत की जा. चारला लेक यायचीय ना."

एवढंच होतं. पडदा हातभर लांब. पलीकडे पावलं वाट बघत किंचित हलत होती, कंटाळलेल्या माणसाची हलतात तशी. काकांनी हात पुढे केला, पडद्याचं कापड बोटांना लागलं सुद्धा. आणि त्यांना वाटलं, तिनं वर पाहिलं तर? तिनं विचारलं तर, की चहात किती बिस्किटं बुडवलीस?

त्यांनी हात मागे घेतला. एकोणीस वर्षांत अडचणीतून निसटायचा एकच मार्ग ते शिकले होते.

"हे बघ पोरी, काहीतरी घोटाळा झालाय," ते दुकानातल्या आवाजात म्हणाले. "मी इथला नातेवाईक नव्हे. मी ढोंग करतो. कागदावर लिहिलंय, तात्पुरता. मॅडमना विचार. यातलं माझं कुणी नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"ह्या सुद्धा?"

पडद्यामागची पावलं हलायची थांबली.

"...ह्या सुद्धा."

"तसं लिहून द्या."

तिनं कोटाच्या खिशातून कागद काढला. काकांनी भिंतीला टेकवून लिहिलं, 'इथे माझं कुणी नाही.' खाली सही केली, आणि सवयीनं सहीखाली दोन टिंबं दिली. पडद्याखालची पावलं सावकाश वर उचलली गेली. आधी डावं, मग भेगेचं. मग काहीच दिसेना.

मुलीनं कागद दिव्याकडे धरून वाचला. "आता नातेवाईकाची जागा मोकळी झाली," ती कुणाला तरी म्हणाली.

पहिल्या खाटेवरचा 'थोरला भाऊ, ५२' उतरला. इतकी वर्षं बसून आखडला असावा, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बेतानं चालत पडद्यापाशी गेला. पडदा बाजूला सारून आत वाकला, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला... आतून कुणीतरी हलक्या आवाजात काहीतरी विचारलं. बाईचा आवाज होता. ऐकू येऊ नये म्हणून काका पळाले.

खोलीत आले तेव्हा पंखा कुरकुरत होता. काचेमागे मॅडमची खुर्ची रिकामी होती. घड्याळात चारला पाच कमी. काकांनी धापा टाकत मागे वळून कपाटाचं दार लोटलं, मग न राहवून पुन्हा इंचभर उघडलं. हातभर खोल. दोन बादल्या, एक खराटा. खिळा रिकामा होता. पिशवी नव्हती, टोपी नव्हती.

काका जिन्यावरून सुटले. सहासष्ट वर्षांचा माणूस तीन मजले असा उतरला की खालच्या वॉचमननं वाट दिली. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. गंमत नको. कोपरा नको. गाडीत बसायचं, लेकीचा हात धरायचा आणि सांगायचं, सोडली नोकरी, ने मला. रंग कुठलाही असू दे.

गाडी फाटकाशीच उभी होती. लेक मागचं झाकण उघडून एक पिशवी आत ठेवत होती. काकांचीच पिशवी. मागच्या सीटवर कुणीतरी बसलं होतं, पाठमोरं, राखाडी कानटोपी घातलेलं.

"बाबा, तू पट्टा लाव, मी आलेच," लेक गाडीत वाकून म्हणाली. तू म्हणाली. सहा वर्षं ती बापाला तुम्ही म्हणत होती. आणि ती हसत होती, लहानपणी हसायची तशी, नाकाला सुरकुती पाडून.

"अगं, थांब," काका कसेबसे म्हणाले. "सोडलं मी सगळं. चल. चल लवकर."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याकडे सभ्य माणसं बघतात, तसं.

"काका, जरा बाजूला होता का? गाडी मागे घ्यायचीय."

"अगं, मी... मी तुझा बाप आहे. त्याला उतरव. तोंड बघ त्याचं एकदा, तोंड बघ."

टोपीवाल्यानं मान किंचित वळवली, पण काचेवर आकाश पडलं होतं, काही दिसलं नाही. लेकीनं वाकून आत पाहिलं. निवांत, मायेनं पाहिलं. मग झाकण लावलं आणि हात झटकले.

"माझे बाबा बसलेत गाडीत," ती म्हणाली. "आत्ताच आईला बघून आलेत. तुम्ही कुणाला बघायला आलायत, काका?"